लाउटनचा लाकूडतोड्या

इंग्लंडचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे येतात, राण्या येतात, आरमार येते आणि सरतेशेवटी ईस्ट इंडिया कंपनी येते. शाळेत मुलांना तो शिकवताना मीही याच क्रमाने शिकवतो. या भरगच्च दरबारात एखादा लाकूडतोड्या खांद्यावर कुऱ्हाड टाकून शिरेल अशी कोणाची अपेक्षा नसते. लाकूडतोड्या ही व्यक्ती आपण गोष्टींत ठेवून दिली आहे. त्याची कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवता वर येते, सोन्याची कुऱ्हाड दाखवते, आणि खरे बोलल्याबद्दल त्याचे भले होते. पण इतिहासातही असा एक लाकूडतोड्या होऊन गेला. त्याची कुऱ्हाड नदीत पडली नाही. ती कोर्टात गेली. जलदेवता काही प्रसन्न झाली नाही. तथापि त्याच्या हट्टापायी सुमारे सहा हजार एकरांचे एक रान लंडनच्या दाराशी आजही उभे आहे. त्या रानाची आणि त्या माणसाची ही हकीकत. तिचा एक धागा थेट आपल्या ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांपर्यंत येऊन पोचतो, म्हणून ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याजोगी आहे.

या रानाचे नाव एपिंग. लंडनच्या ईशान्येला, एसेक्स परगण्यात, दक्षिणोत्तर सुमारे बारा मैल लांबीचा हा हिरवा पट्टा पसरलेला आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन शहराबाहेर पडली की जमिनीवर येते आणि लाउटन नावाच्या गावी आपल्याला उतरवते. तेथून चढण चढून दहा-पंधरा मिनिटे चालले की घरे संपतात आणि झाडे सुरू होतात. मी गेलो तो ऑक्टोबरचा महिना होता. बीच वृक्षांची पाने तांब्यासारखी झाली होती आणि वाटेवर त्यांचा असा जाड थर पडला होता की आपल्या पावलांचा आवाज आपल्यालाच येईना. मागे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर जगातले एक अफाट शहर गर्जत आहे, हे तेथे उभे राहून खरे वाटत नाही. मध्येच एखादे काळसर हरीण मान वर करून बघते आणि नाहीसे होते. पुढे लोहयुगातल्या माणसांनी उभारलेला मातीचा जुना कोट लागतो. त्याचे बांध आता झाडांच्या मुळांनी कवटाळून धरले आहेत.

या रानातली झाडे मात्र चमत्कारिक दिसतात. आपल्याकडचा साग सरळ वर जातो, वड ऐसपैस पसरतो. येथल्या बीचचे, ओकचे आणि हॉर्नबीमचे खोड पुरुषभर उंचीपर्यंत जाडजूड, गाठाळलेले, आणि तेथून एकदम आठ-दहा फांद्या आकाशाकडे गेलेल्या. जणू एखाद्या राक्षसाने मूठ वर करून बोटे फाकली आहेत. हा निसर्गाचा खेळ नसून माणसाच्या कुऱ्हाडीचा आहे. शेकडो वर्षे येथले गावकरी ही झाडे जमिनीलगत न तोडता डोक्याच्या वर छाटीत आले. जमिनीलगत तोडले तर कोवळे धुमारे गुरे आणि हरणे खाऊन टाकतात. उंचावर छाटले तर धुमारे वाचतात, दहा-पंधरा वर्षांत पुन्हा सरपणाजोगे होतात आणि खाली गुरे सुखाने चरतात. शिवाय अशा छाटणीने झाडाचे आयुष्यही वाढते. एपिंगच्या रानात अशी पुरातन झाडे पन्नास हजारांहून अधिक आहेत असे सांगतात. म्हणजे ज्याला आपण वन म्हणून डोळे भरून पाहतो, ते खरोखर पिढ्यानपिढ्यांच्या गोरगरिबांचे हस्ताक्षर आहे.

येथे थोडे शब्दाकडे वळू. ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडी, असे आपण समजतो. पण १०६६ साली नॉर्मंडीहून इंग्लंडात आलेल्या राजांच्या कायद्यात ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. त्यात झाडी असो, माळ असो की गाव असो, हरीण राजाचे. आठव्या हेन्रीने १५४३ साली या रानाच्या कडेला चिंगफर्ड येथे शिकार पाहण्यासाठी बांधलेली माडी अजून उभी आहे. लोक तिला त्याच्या लेकीचे, एलिझाबेथ राणीचे नाव देतात. परंतु हरीण राजाचे असले तरी चारा आणि सरपण रयतेचे होते. १२१७ साली तिसऱ्या हेन्रीच्या नावाने निघालेल्या वनसनदेने रयतेच्या अशा हक्कांना राजमान्यता दिली आणि हरणापायी कोणाचा जीव वा हातपाय घेतला जाणार नाही असेही वचन दिले. मॅग्ना कार्टाचे नाव आपल्या पोरांनाही पाठ असते. या धाकट्या सनदेचे नाव कोणी घेत नाही. खरे म्हणजे गरिबाच्या चुलीशी संबंध होता तो हिचाच.

लाउटन गावचा हक्क असा होता. नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या दिवसापर्यंत, म्हणजे थंडीच्या दिवसांत, गावकऱ्यांनी रानातल्या फांद्या छाटून आणाव्यात. गावात अशी समजूत होती की, हा हक्क टिकवायचा तर दरवर्षी त्या मध्यरात्री ठोक्याला कोणीतरी रानात जाऊन पहिली फांदी तोडलीच पाहिजे. एक वर्ष चुकले की हक्क गेला. आपल्याकडची दिवाळी आटोपते त्या सुमाराला तेथले लोक टेकडीवर जमत, शेकोटी पेटवत आणि बाराचा ठोका पडताच कुऱ्हाड चालवत. हाही एक सणच म्हणायचा.

एकोणिसाव्या शतकात या सणावर संक्रांत आली. लंडन फुगत चालले होते. १८५६ साली लाउटनपर्यंत आगगाडी आली आणि जेथे कालपर्यंत गाई चरत होत्या तेथे बंगल्यांसाठी जमिनीचे तुकडे पडू लागले. राजघराण्याला आता शिकारीत रस उरला नव्हता. सरकारने आपला शिकारीचा हक्क एकरी सुमारे पाच पौंडांच्या भावाने गावोगावच्या जमीनदारांना विकण्यास सुरुवात केली. हरणाची अडचण दूर होताच जमीनदार कुंपणे घालू लागले. शेजारच्या हेनॉल्ट रानाचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. १८५१ साली ते कायद्याने मोकळे केले आणि शेकडो वर्षांची ओकझाडे अवघ्या काही आठवड्यांत मुळांसकट उपटून काढली गेली. एपिंगचेही तेच होणार हे दिसत होते. १८५१ मध्ये उघडे असलेले सुमारे सहा हजार एकर रान वीस वर्षांत निम्म्यावर आले.

लाउटनचे जमीनदार होते जॉन व्हिटेकर मेटलंड. हे गावचे धर्मगुरूही होते. १८६५ साली त्यांनी हजाराहून अधिक एकर रानाला कुंपण घातले. त्या वर्षीही ठरल्या रात्री गावातला एक म्हातारा मजूर कुऱ्हाड घेऊन निघाला आणि कुंपणापलीकडच्या झाडाची फांदी त्याने तोडली. त्याचे नाव टॉमस विलिंगेल. सत्तरीच्या घरातला हा माणूस सरपण विकून पोट भरीत असे. त्याच्याविषयी गावात एक आख्यायिका आहे. काही वर्षांपूर्वी जमीनदाराच्या माणसांनी त्याच रात्री साऱ्या लाकूडतोड्यांना खाणावळीत मेजवानी दिली म्हणे. बेत असा की, मद्याच्या अमलाखाली बाराचा ठोका टळून जावा आणि हक्क आपोआप बुडावा. विलिंगेल जेवला, प्याला, बारा वाजण्याच्या आत हळूच उठून गेला आणि फांदी घेऊन परत आला. आख्यायिका खरी असो वा नसो, लोकांनी ती त्याच्याविषयी सांगितली यातच त्याची ओळख पटते.

१८६६ साली त्याच्या मुलावर आणि नात्यातल्या दोघांवर झाडांची नासधूस केल्याचा आरोप ठेवून त्यांना दंड ठोठावण्यात आला. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला. बापआज्यांनी जे केले तो गुन्हा नव्हे, मग दंड कसला? ते तुरुंगात गेले. आपल्याकडे पुढे मिठासाठी आणि गवतासाठी तुरुंगात जाणाऱ्यांनी जे केले त्याहून हे निराळे नव्हते. फरक इतकाच की, या तिघांना शिकवायला कोणी महात्मा गावात आला नव्हता.

पण एकटा लाकूडतोड्या जमीनदाराशी किती दिवस लढणार? त्याच्या मदतीला लंडनची काही शहाणी माणसे धावली. १८६५ साली जॉर्ज शॉ-लफीव्हर यांनी गायराने वाचवण्यासाठी एक मंडळ स्थापन केले होते. जॉन स्टुअर्ट मिल हे तत्त्वज्ञ त्यात होते. रॉबर्ट हंटर हे तरुण वकील पुढे त्याची कायद्याची बाजू सांभाळू लागले. या मंडळाच्या बळावर विलिंगेलने मेटलंडवर दावा लावला. दावा सोडून द्यावा म्हणून त्याला पैशांचे आमिष दाखवण्यात आले, असे सांगतात. म्हातारा बधला नाही. चार वर्षे खटला रेंगाळला आणि १८७० साली विलिंगेल मरण पावला. वादीच नाहीसा झाल्यावर दावाही निकालात निघाला.

या मंडळींतील एका गृहस्थाचे नाव आपण मराठी माणसांनी विसरता कामा नये. हेन्री फॉसेट. पंचविसाव्या वर्षी, १८५८ साली, शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून त्यांचे दोन्ही डोळे गेले. तरी ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पार्लमेंटात निवडून आले, आणि पुढे पोस्टमास्तर जनरलही झाले. १८७० साली एपिंगचे रान खुले राहावे अशी राणीला विनंती करण्याचा ठराव याच आंधळ्या माणसाने पार्लमेंटात मंजूर करवून घेतला. जे रान तो पाहू शकत नव्हता त्याच्यासाठी तो डोळस माणसांशी भांडत होता! आणि हाच फॉसेट ‘हिंदुस्थानचा सभासद’ म्हणून ओळखला जाई. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये झालेल्या नाचाच्या मेजवानीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठवणारा तोच. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे १८७३ साली दादाभाई नौरोजींनी साक्ष दिली, तेव्हा त्या समितीतही तो बसला होता. ज्याची वस्तू त्याला विचारल्यावाचून खर्ची घालू नये, एवढे साधे तत्त्व त्याने दोन्हीकडे धरले होते.

विलिंगेल गेला, पण तोवर प्रकरण पेटले होते. १८७१ च्या जुलैत वॉनस्टेडच्या मैदानावर हजारो लोक जमले आणि त्यांनी तेथली कुंपणे उपटून टाकली. त्याच वर्षी लंडनच्या सिटी कॉर्पोरेशनने कोर्टात पाऊल टाकले. कोणत्या हक्काने, हे मोठे गमतीचे आहे. शहराला स्मशानभूमी अपुरी पडू लागली म्हणून कॉर्पोरेशनने १८५३ साली रानाच्या दक्षिणेला सुमारे दोनशे एकर जमीन विकत घेतली होती. रानात ज्याची जमीन, त्याला गुरे चारण्याचा हक्क. आणि हा हक्क केवळ आपल्या गावापुरता नसून साऱ्या रानभर, कारण गुरे गावाची शीव ओळखत नाहीत. वकिलांनी जुनी दप्तरे उलगडून हा मुद्दा हुडकून काढला. एवढ्या धाग्यावर कॉर्पोरेशनने सगळ्या जमीनदारांना एकदम कोर्टात खेचले. १८७४ साली न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसल यांनी निकाल दिला : १८५१ पासून घातलेली कुंपणे बेकायदा. मेलेल्यांसाठी घेतलेल्या जमिनीने जिवंत रान वाचवले.

त्यानंतर १८७८ साली पार्लमेंटाने एपिंग फॉरेस्टचा कायदा केला. रान कॉर्पोरेशनच्या ताब्यात राहील, पण ते लोकांच्या विरंगुळ्यासाठी कायमचे विनाकुंपण ठेवावे लागेल आणि त्याचे नैसर्गिक रूप राखावे लागेल. देखरेखीच्या समितीत गुरे चारण्याचा हक्क असलेल्यांनी निवडलेले चार ‘वर्डरर’ असतील. ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणी स्वतः रानात आल्या आणि त्यांनी ते आपल्या प्रजेला कायमचे अर्पण केले. हा कायदा इतका चिवट निघाला की, लंडनभोवतीचा मोठा वर्तुळाकार हमरस्ता १९८० च्या दशकात या बाजूला आला, तेव्हा त्याला एपिंगजवळ भुयारातून जावे लागले. वर क्रिकेटचे मैदान आणि खाली मोटारी!

विलिंगेलच्या भाऊबंदांचे मात्र काय झाले? त्याच कायद्याच्या पाठोपाठ त्यांचा छाटणीचा हक्क रद्द झाला. घरोघरी थोडीफार भरपाई मिळाली आणि उरलेल्या सात हजार पौंडांतून १८८४ साली लाउटनमध्ये ‘लॉपिंग हॉल’ नावाची सार्वजनिक इमारत उभी राहिली. तिच्या एका जुन्या दारावर फांद्या छाटणारी माणसे भाजक्या मातीत कोरली आहेत. रान वाचले ते शहरातल्या लोकांना रविवारी फिरण्यासाठी. ज्याने ते वाचवले त्याच्या हातातली कुऱ्हाड मात्र दारावरच्या चित्रात जाऊन बसली. आणि झाडांनाही हे मानवले नाही. छाटणी थांबल्यावर फांद्या बेसुमार वाढल्या, त्यांच्या भाराने खोडे फाटू लागली, दाट सावलीत खालची झुडपे मेली. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानाच्या रक्षकांनी जागोजाग पुन्हा छाटणी सुरू केली. चरणारी गुरेही विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नाहीशी झाली होती. ती लांब शिंगांच्या जुन्या जातीची मुद्दाम परत आणली. अडाणी समजलेल्या गावकऱ्याचे शास्त्र शंभर वर्षांनी असे मान्य झाले.

आता आपला धागा. १८७८ हेच साल हिंदुस्थानच्या इतिहासातही आहे. लंडनच्या पार्लमेंटाने एपिंगचे रान लोकांना दिले, त्याच वर्षी येथल्या इंग्रज सरकारने हिंदुस्थानचा जंगल कायदा केला. डीट्रिख ब्रँडिस या जंगलखात्याच्या प्रमुखाचे म्हणणे होते की, गावांचे वहिवाटीचे हक्क ओळखून पुढे जावे. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे, रयत जे वापरते ती केवळ सरकारची मेहेरबानी. लेखी सनद नसेल तेथे हक्क नाही. कायदा झाला तो बेडन-पॉवेलच्या बाजूने. एसेक्समध्ये शेकडो वर्षांच्या वहिवाटीसाठी पार्लमेंट जागे होत होते. सह्याद्रीत तीच वहिवाट बेकायदा ठरत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज केला. तो ऐकण्यास येथे ना निवडलेले पार्लमेंट होते, ना स्मशानाची जमीन घेऊन बसलेले एखादे कॉर्पोरेशन.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या भातशेतकऱ्याला तर हा घाव वर्मी बसला. भाताचे रोप लावण्यापूर्वी जमीन भाजावी लागते. तिला आपण राब म्हणतो. त्या राबासाठी शेतकरी रानातल्या ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, म्हणजे कवळ, छाटून आणीत. झाड मरत नसे. पुन्हा फुटत असे. लाउटनचा छाटणारा आणि कर्जतचा कवळ तोडणारा हे एकाच विद्येचे दोन शागीर्द. १८८३ च्या सुमारास जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगर आणि गायराने जंगलखात्याने गिळल्याचा संताप आहे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल-चौकशीचे कमिशन नेमावे लागले. दुखणे मात्र राहिलेच. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला, अक्कादेवीच्या रानात, लोक सत्याग्रहासाठी कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. विलिंगेलच्या मुलाला तुरुंग मिळाला होता. येथे माणसे मेली.

स्वतंत्र भारताने हा हिशेब मिटवायला पुष्कळ वर्षे घेतली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल करण्यात आले. २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या छोट्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये तेथल्या ग्रामसभेने स्वतःच्या परवान्यावर स्वतःचा बांबू विकला. १८७८ पासून मोजले तर १३३ वर्षे झाली होती. पण मेंढ्याच्या लोकांना जे मिळाले ते लाउटनच्या लोकांनाही मिळाले नव्हते. तेथे रान राहिले आणि कुऱ्हाड गेली. येथे रान आणि कुऱ्हाड दोन्ही गावाच्या हाती आली.

राणीने एपिंगचे रान ‘आपल्या प्रजेला’ दिले त्या दिवशी ती हिंदुस्थानचीही सम्राज्ञी होती, आणि ठाण्याचा कातकरीही तिच्या प्रजेतच मोडत होता. ही विसंगती तिच्या ध्यानी आली असेल असे वाटत नाही. तिच्या राज्यात वन एकच वस्तू होती, तिचे कायदे मात्र माणूस पाहून बदलत होते. इंग्लंडला जाणारी आपली मुलेबाळे आता पुष्कळ आहेत. राजवाडा, घड्याळाचा मनोरा आणि कोहिनूर पाहून झाल्यावर त्यांनी एक दिवस लाउटनला जावे, त्या गाठाळ झाडांखाली उभे राहावे आणि खोडावरची ती जुनी छाटणीची खूण पाहावी. कोहिनूर ज्यांनी नेला त्यांच्याच देशात, आपली फांदी आपली म्हणणारा एक म्हातारा होऊन गेला, हेही त्यांना ठाऊक असलेले बरे.